दुर्गम जागी वीज-वेध केंद्र उभारताना उपग्रह इंटरनेटची जोडणी

आकाशातील वीज टिपणाऱ्या रिसीव्हरला सर्वांत मानवणारी जागा म्हणजे जिथे विद्युतवाहिन्या नाहीत, मोबाइलचा मनोरा नाही आणि जवळपास वस्ती नाही अशी जागा. रिसीव्हरला हवी असते ती शांतता, आणि जिथे शांतता असते तिथे इंटरनेट नसते. या पेचातून वाट काढायला उपग्रह इंटरनेट उपयोगी पडते. मात्र ही जोडणी करताना बहुतेक जण वेग आणि विलंब यांच्या चिंतेत गुंततात, आणि केंद्र प्रत्यक्षात बंद पडते किंवा निरुपयोगी ठरते ते दुसऱ्याच दोन कारणांनी: विद्युतपुरवठा अपुरा पडतो, किंवा उपग्रहाची सामग्रीच रिसीव्हरच्या कानाशी गोंगाट करू लागते. म्हणून या लेखात वेगापेक्षा या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे. आणखी एक खुलासा आधीच करतो. मराठीत आकाशातली आणि तारेतली, दोन्हींना आपण वीजच म्हणतो. इथे ‘वीज’ म्हणजे आकाशातली. तारेतल्या विजेला ‘विद्युतपुरवठा’ किंवा ‘विद्युत’ म्हटले आहे.

विलंबाची भीती आधी दूर करावी

वीज पडते तेव्हा तिच्यातून रेडिओ लहरींचा एक स्पंद निघतो. त्याची बरीचशी ऊर्जा काही किलोहर्ट्झ ते काही दशक किलोहर्ट्झ या अतिनीच वारंवारतेत असते, आणि जमीन व आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीतून तो हजारो किलोमीटर जाऊ शकतो. वेगवेगळ्या केंद्रांवर तो किती वाजता पोहोचला यातील फरकांवरून वीज कुठे पडली हे केंद्रांच्या जाळ्याचा सर्व्हर काढतो. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, त्यामुळे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकले तर अंतरात ३०० मीटरची चूक शिरते.

हे गणित कळल्यावर उपग्रहाचा विलंब ऐकून धडकी भरणे साहजिक आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे संदेश वर जाऊन खाली यायलाच जवळपास पाव सेकंद लागतो आणि प्रश्नोत्तराची पूर्ण फेरी अर्ध्या सेकंदाहून अधिक होते. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांमधून हीच फेरी साधारण २५ ते ६० मिलिसेकंदांत होते. पण तिथेही आकडा सतत खालीवर होत राहतो, कारण अँटेनाचा उपग्रह दर काही सेकंदांनी बदलत असतो. संदेश सर्व्हरवर पोहोचल्याच्या क्षणालाच स्पंदाची वेळ मानले, तर अवघ्या १० मिलिसेकंदांच्या चढउताराने ३,००० किलोमीटरची चूक होईल.

परंतु तसे कोणी करत नाही. वेळेचा शिक्का केंद्रावरच, जीपीएस रिसीव्हरकडून दर सेकंदाला मिळणाऱ्या स्पंदाच्या आधाराने उमटतो, आणि त्याची अचूकता काही दशक नॅनोसेकंदांची असते. इंटरनेटचे काम शिक्का मारलेले पाकीट वेळेत पोहोचवणे एवढेच. सर्व्हर सगळ्या केंद्रांच्या पाकिटांची थोडा वेळ वाट पाहतो, आणि त्या अवधीत अर्ध्या सेकंदाचा उशीर सहज सामावतो. म्हणून पहिला नियम असा की संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून त्यावर वीज मोजू नये. नेटवर्कवरून जुळवलेले घड्याळ उपग्रह जोडणीवर मिलिसेकंदांच्या घरातच राहते. ते नोंदवहीपुरते ठीक, मोजमापासाठी नाही.

किती डेटा जाणार हे आधी मांडावे

कोणती उपग्रह सेवा घ्यावी हे केंद्र काय पाठवणार यावर ठरते. ब्लिट्झऑर्टुंगसारख्या हौशी लोकांच्या सहभागावर चालणाऱ्या जाळ्यात केंद्र स्पंदाचा आलेखच पाठवते. समजा दोन वाहिन्या (चॅनेल) आहेत, प्रत्येकीचे ५१२ नमुने आहेत आणि नमुना एका बाइटचा आहे. म्हणजे एका स्पंदाला १,०२४ बाइट झाले, आणि वरचे वेष्टन धरून साधारण १.१ किलोबाइट. सरासरी सेकंदाला दोन स्पंद धरले तर दिवसाला सुमारे १९० मेगाबाइट आणि महिन्याला पाऊणेसहा गिगाबाइटच्या आसपास जातात. वादळाच्या दिवशी सेकंदाला दहा स्पंद आले तर प्रवाह सेकंदाला ९० किलोबिटच्या जवळ जातो. घरगुती मापाने हा आकडा नगण्य आहे, आणि कोणतीही ब्रॉडबँड उपग्रह सेवा तो पेलते. मात्र इरिडियम या उपग्रह-जाळ्याची छोट्या संदेशांची सेवा, जिच्या प्रचलित मोडेममधून एका वेळी फक्त ३४० बाइट जातात, या कामाची नाही. आणि सेकंदाला ८८ किलोबिट देणारी तिची सर्टस १०० ही सेवाही वादळाच्या दिवशी तुंबेल.

वर्ल्ड वाइड लाइटनिंग लोकेशन नेटवर्कची पद्धत वेगळी आहे. तिथे स्पंदाच्या आगमनाची वेळ केंद्रावरच काढतात आणि सर्व्हरला फक्त तिची नोंद जाते. अशा केंद्राला अगदी अरुंद जोडणीही पुरते, आणि अरुंद जोडणीची सामग्री विद्युत कमी खाते, हा खरा फायदा. तेव्हा आपण ज्या जाळ्यात सामील होणार ते कोणत्या प्रकारचे आहे हे विचारल्याखेरीज अँटेना विकत घेऊ नये.

आकडे मांडताना रात्र विसरू नये. रात्री आयनांबराचा खालचा थर विरळ होतो, लहरी कमी क्षीण होतात आणि केंद्राला दूरदूरच्या विजा ऐकू येतात. उपग्रह-निरीक्षणांवरून पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी सुमारे ४४ वेळा वीज चमकते असा अंदाज आहे. केंद्र संवेदनशील असेल तर सूर्यास्तानंतर त्यांतला मोठा वाटा दारात येतो. म्हणजे सोलर पॅनेल झोपलेले असते नेमके तेव्हा काम वाढते. ‘रात्री डिश (उपग्रहाशी बोलणारा अँटेना) बंद ठेवून बचत करू’ हा बेत इथे कोलमडतो.

सेवेची निवड

माझा कौल सर्वसाधारणपणे कमी उंचीच्या उपग्रहांच्या लहान, चपट्या अँटेनाला आहे, आणि त्याचे कारण वेग नसून तो थेट डीसी पुरवठ्यावर चालतो हे आहे. मधला इन्व्हर्टर वगळला की विद्युतही वाचते आणि गोंगाटाचे एक मोठे उगमस्थान नाहीसे होते. भूस्थिर सेवेची बाजू मांडायची तर तिला आकाशाचा एकच ठिपका मोकळा लागतो. अरुंद दरीत, जिथे कमी उंचीच्या उपग्रहांना लागणारा शंभरएक अंशांचा मोकळा शंकू मिळत नाही, तिथे तीच बरी ठरते. मात्र तिचा ठिपका क्षितिजाजवळ असेल तर लहरींना पावसाळी हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो, हे लक्षात ठेवावे. उपग्रह-उपकरण वापरण्याचे परवाने देशागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी परवानगीशिवाय असे उपकरण जवळ बाळगणेही गुन्हा ठरते, त्यामुळे ही चौकशी खरेदीच्या आधी करावी.

पावसाबद्दल एक शंका हमखास येते. स्टारलिंकसारख्या सेवांचा उपग्रहाकडून येणारा संदेश १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि मुसळधार पाऊस तो शोषतो. मग वादळातच जोडणी तुटत असेल तर वीज-वेध केंद्राला तिचा उपयोग काय? उत्तर असे की जोडणी तुटण्याइतका पाऊस केंद्राच्या डोक्यावर असतो, आणि डोक्यावरच्या विजेचा स्पंद इतका प्रचंड असतो की रिसीव्हरच्या प्रवर्धकात लहरीचे शेंडे छाटले जाऊन आलेख तसाही बिघडतो. अशा वेळी त्या विजेचा ठाव तिच्यापासून दूर असलेली केंद्रे अधिक नेमका घेतात. तुमचे केंद्र शेकडो किलोमीटरवरच्या वादळासाठी महत्त्वाचे, आणि ते वादळ तुमच्या डिशवर बरसत नसते.

विद्युतपुरवठ्याचे गणित

इथे घाई करू नये. रिसीव्हर आणि छोटा संगणक मिळून साधारण ८ वॅट घेतील असे धरू. स्टारलिंक मिनीच्या वर्गातील अँटेनाला सरासरी २५ ते ४० वॅट लागतात. मोठ्या अँटेनाला ७५ ते १००. आपण लहान अँटेना घेऊन सरासरी ३२ वॅट धरले तर बेरीज ४० वॅट होते, आणि दिवसाला ९६० वॅट-तास. तुलना पाहिली तर खटकते: विजेचा वेध घेणारा भाग एक पंचमांश खातो आणि टपाल पोहोचवणारा चार पंचमांश.

चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि तारांमधील गळती मिळून पाव हिस्सा धरला तर रोज १,२८० वॅट-तास निर्माण व्हायला हवेत. पॅनेलचे माप वर्षातील सर्वांत वाईट महिन्यावर ठरवावे, सरासरीवर नाही. त्या महिन्यात पूर्ण उन्हाच्या बरोबरीचे अडीच तास मिळत असतील तर ५१२ वॅटचे पॅनेल लागते. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा गृहीत धरून ते ६०० करावे. सूर्याविना तीन दिवस निभावायचे तर २,८८० वॅट-तास हवेत, आणि बॅटरीचा ८० टक्केच वापर करायचा म्हटले तर ३,६०० वॅट-तासांची, म्हणजे १२.८ व्होल्टची सुमारे २८० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी लागते. या बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नयेत. थंड जागी ते थांबवणारी यंत्रणा बॅटरीत आहे की नाही हे तपासून घ्यावे.

मी स्वतः अशा जागी १२ ऐवजी २४ व्होल्टची मांडणी करतो. पुढे सांगितल्याप्रमाणे डिश रिसीव्हरपासून लांब न्यावी लागते, आणि लांब तारेत व्होल्टेज गळते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३० मीटर लांबीच्या जोडतारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.७ ओहम होतो. डिश ४० वॅट घेत असताना १२ व्होल्टवर तीन अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि सव्वादोन व्होल्ट तारेतच जिरतात. डिश अशा वेळी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत राहते आणि दोष उपग्रहाला दिला जातो. तेच २५ व्होल्टच्या आसपास एक व्होल्टभर गळते आणि कशालाच जाणवत नाही. फक्त अँटेना तेवढे व्होल्टेज घेतो याची आधी खात्री करावी.

गोंगाट

डिशच्या गिगाहर्ट्झमधील लहरींचा रिसीव्हरला थेट त्रास नसतो. वारंवारतांमधील अंतर लाखो पटींचे आहे. त्रास देतात ते तिच्याभोवतीचे विद्युत-रूपांतरक. डीसी-डीसी कन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर ही सारी उपकरणे प्रवाहाची वेगाने उघडझाप करून काम करतात, ती उघडझाप दशक किंवा शतक किलोहर्ट्झने चालते, आणि लांब तारा तिच्यासाठी आयत्या अँटेना ठरतात.

एका केंद्रावर मला रोज सकाळी दहाच्या सुमारास सुरू होऊन चारनंतर ओसरणारे ‘वादळ’ दिसत असे. दुपारी ढग जमतात, विजा होतात, तेव्हा संशय यायला दोन आठवडे गेले. ते वादळ चार्ज कंट्रोलरचे होते. ऊन चढले की तो जोमाने काम करी आणि रिसीव्हरच्या लूप अँटेनाला (तारेच्या वेटोळ्याला) ते ऐकू जाई. वादळ सूर्याच्या वेळापत्रकाने वागत असेल आणि रविवारीही सुट्टी घेत नसेल, तर आधी स्वतःच्या पेटीकडे पाहावे.

उपाय अंतराचा. लूप किंवा फेराइट अँटेना बॅटरीपेटी, कंट्रोलर आणि डिश यांच्यापासून शक्य तर ३० मीटर दूर ठेवावा, कारण जवळच्या उगमाचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. त्या वेगळ्या वाटेने गेल्या तर मधली जागाच एक मोठे लूप बनते. प्रत्येक कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंच्या तारांवर फेराइट कड्या अडकवाव्यात, पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. इतक्या कमी वारंवारतेला एखादा वेढा फारसा अडवत नाही, तार अनेकदा गुंडाळावी लागते. रिसीव्हर आणि राउटर यांच्यामधल्या ईथरनेट तारेऐवजी ऑप्टिकल फायबर टाकली तर दोन कामे एकदम होतात: गोंगाट तारेवाटे येत नाही, आणि वीज जवळ पडल्यावर उसळणारा विद्युतदाब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. दोन्ही टोकांच्या मीडिया कन्व्हर्टरचा एखाद-दोन वॅटचा खर्च मला रास्त वाटतो. रिसीव्हरला स्वतःची छोटी बॅटरी आणि पॅनेल देता आले तर त्याहून उत्तम.

जागा तपासायला महागडे उपकरण लागत नाही. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ मध्यम लहरींच्या खालच्या टोकाला, जिथे कोणतेही प्रसारण नाही तिथे लावावा आणि हातात धरून फिरावे. प्रत्येक उपकरण एकेक करून सुरू केले की कोण गुणगुणते ते कानाला कळते. त्यानंतर रिसीव्हरचा वर्णपट डिश बंद असताना आणि चालू असताना नोंदवून दोन्ही चित्रे जपून ठेवावीत; वर्षभराने बिघाड शोधताना तीच कामी येतात.

इरिडियमचे उपकरण राखीव म्हणून वापरत असाल तर एक बारकावा आहे. ते १,६१६ ते १,६२६.५ मेगाहर्ट्झमध्ये प्रक्षेपण करते आणि जीपीएस १,५७५.४२ वर ऐकते. दोन्ही अँटेना शेजारी लावले तर प्रक्षेपणाच्या क्षणी जीपीएस बहिरे होऊ शकते, आणि केंद्राचा वेळेचा आधारच तुटतो. त्यांच्यात काही मीटर अंतर ठेवावे.

अर्थिंग

टेकडीवर धातूचा खांब रोवणे म्हणजे विजेला आमंत्रण आहे, आणि थेट आघातापासून शंभर टक्के संरक्षण कोणी देऊ शकत नाही. साध्य असते ते एवढे की जवळच्या आघाताने उसळणारा दाब यंत्रांतून न जाता त्यांच्या बाजूने जमिनीत जावा. डिशचा खांब, पॅनेलची चौकट, बॅटरीपेटी आणि लाट-रोधक (उसळता विद्युतदाब जमिनीकडे वळवणारे उपकरण) यांची अर्थिंग एकमेकांना जाड तांब्याने जोडलेली असावी; दोन स्वतंत्र, न जोडलेल्या अर्थिंग असतील तर आघाताच्या क्षणी त्यांच्यातील दाबाचा फरक नेमका तुमच्या राउटरमधून वाट काढतो. खडकाळ जमिनीत एक खोल सळई ठोकण्याचा हट्ट धरण्यापेक्षा चहूकडे आडव्या पट्ट्या पुरणे अधिक फलदायी असते.

नेटवर्कची मांडणी

केंद्राकडून बाहेर जाणारी यूडीपी (पोचपावतीची वाट न पाहता पाठवण्याच्या पद्धतीची) पाकिटे कोणत्याही सेवेवर विनातक्रार जातात. प्रश्न उलट दिशेचा आहे: बहुतेक उपग्रह सेवा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे घरी बसून केंद्राच्या संगणकात थेट शिरता येत नाही. यासाठी केंद्राने स्वतःच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी वायरगार्ड या प्रणालीचा बोगदा (कूटबद्ध खासगी जोडणी) उघडून ठेवावा आणि दर २५ सेकंदांनी त्यातून एक जिवंतपणाचे पाकीट पाठवावे, म्हणजे वाट मिटत नाही. मोजमापाचा डेटा मात्र बोगद्यातून न नेता थेट पाठवावा. बोगद्यामुळे पाकिटाची कमाल लांबी घटते, मोठे पाकीट दोन तुकड्यांत जाते, आणि यूडीपीत एक तुकडा हरवला की सगळेच पाकीट वाया जाते.

जोडणी तुटल्याच्या काळातला डेटा केंद्रावर साठवावा, पण जोडणी परत येताच तो सगळा लोटू नये. थेट गणित करणाऱ्या सर्व्हरला जुने स्पंद नको असतात. साठा नंतर, ताज्या पाकिटांना आडवे न येता, संथपणे संग्रहासाठी पाठवावा. साठवणुकीला साध्या मेमरी कार्डापेक्षा एसएसडी बरी, कारण सतत लिहिल्याने कार्डे झिजतात.

थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोरकस स्पंद नोंदवायचा ती मर्यादा, ठरवताना लोभ आवरावा. तो खाली आणला की स्पंदांची संख्या फुगते, पण वाढलेले बहुतेक स्पंद खोटे असतात आणि उपग्रहाच्या मोजून घेतलेल्या डेटातून त्यांचे भाडे भरावे लागते. सर्व्हरने स्वीकारलेल्या स्पंदांचे प्रमाण घसरू लागले की थ्रेशोल्ड एक पायरी वर न्यावा.

केंद्राने स्वतःला सावरावे

दुर्गम केंद्रावर पुन्हा जाणे हाच सर्वांत मोठा खर्च असतो, म्हणून आपोआप सावरण्याची सोय सुरुवातीलाच करावी. संगणकाने दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) पाठवत राहावे, आणि पंधरा मिनिटे एकाकडूनही उत्तर आले नाही तर रिलेने (संगणकाने चालवायच्या स्विचने) डिशचा पुरवठा मिनिटभर तोडून पुन्हा जोडावा. लगेच यश आले नाही तर पुढचा प्रयत्न अर्ध्या तासाने, मग तासाने, असा लांबवत न्यावा. नाहीतर पावसाने तुटलेली जोडणी परत यायच्या बेतात असताना केंद्रच ती पुन्हा पुन्हा पाडत राहते. रिले असा जोडावा की त्याचे नियंत्रण बंद पडले तरी डिश चालूच राहील. संगणक स्वतः गोठला तर त्याला उठवण्यासाठी हार्डवेअर वॉचडॉग सुरू असावा.

बॅटरी उतरू लागल्यावर आधी डिश बंद व्हावी आणि रिसीव्हर शेवटी, कारण डिशविना तो त्याच साठ्यावर पाचपट वेळ टिकतो. डिश बंद होण्याचे आणि पुन्हा सुरू होण्याचे व्होल्टेज यांत पुरेसे अंतर ठेवावे, १२.८ व्होल्टच्या बॅटरीत १२.२ ला बंद आणि १३.२ ला चालू हे मला सोयीचे वाटले आहे. अंतर कमी असेल तर भार काढताच व्होल्टेज वर येते, डिश सुरू होते, पुन्हा खाली जाते, आणि हा खेळ रात्रभर चालतो.

जागेवर जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

संपूर्ण जोडणी घराच्या गच्चीवर किंवा अंगणात निदान एक आठवडा चालवून पाहावी, आणि त्यात एकदा कुणालाही न सांगता मुख्य स्विच बंद करून सगळे आपोआप परत उभे राहते का ते पाहावे. जागेवर काम करताना क्रम पाळावा: आधी अर्थिंग, मग पॅनेल आणि बॅटरी, मग रिसीव्हर एकटाच सुरू करून शांततेची नोंद, आणि सर्वांत शेवटी डिश. डिश आधी लावली तर मूळची शांतता किती होती हे पुन्हा कधीच कळत नाही. डिशसमोरचे आकाश मोकळे आहे का हे झाडे पानांनी भरलेली असतानाच्या अंदाजाने पाहावे. निघण्यापूर्वी एक पूर्ण दिवस-रात्र थांबून रात्रीच्या नोंदी तपासाव्यात, आणि मोबाइलवरून नव्हे तर बोगद्यातून, म्हणजे घरून ज्या वाटेने येणार त्याच वाटेने, संगणकात शिरून पाहावे. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जोडणीचा आराखडा, तारांचे रंग आणि फ्यूजची मापे जलरोधक कागदावर चिकटवून ठेवावीत. पुढच्या खेपेला पेटी उघडणारा माणूस तुम्हीच असाल असे नाही.